चढावरच्या गप्पा

सायकलच्या या हंगामात आतापर्यंतच्या पाचही शर्यतींत लेकीचा दुसरा नंबर आला होता. पहिला कायम एकाच मुलीचा, त्या लांब वेणीवालीचा. सहाव्या आणि शेवटच्या शर्यतीतही चढ लागेपर्यंत वेणीवालीच पुढे होती. धापा टाकत लेक वळणावर आली आणि बघते तर काय, वेणीवाली एक पाय रस्त्यावर टेकवून उभी, अन् तिच्यासमोर पाण्याची बाटली घेऊन चक्क आपली आई!

"घरी सगळे बरे आहेत ना गं? आई काय म्हणते?" आई अगदी जिव्हाळ्याने विचारत होती.

लेक मान खाली घालून शेजारून पुढे निघाली आणि नऊ सेकंदांनी जिंकली.

पदक गळ्यात पडताच तिने आईला गाठलं.

"भर शर्यतीत तिला बोलण्यात गुंतवलंस? लाज आणलीस, आई!"

"मी नुसतं 'बाळा, जरा थांब' म्हटलं. ती थांबली."

"मोठ्या माणसांनी हाक मारल्यावर कोण थांबणार नाही?"

"तू," आई म्हणाली. "पाचही शर्यतींत घसा फुटेस्तोवर हाका मारल्या तुला. वळूनसुद्धा बघितलं नाहीस."