अर्पिताच्या हातचा घट

अर्पिताला गोधडी पिळता येईना. डाव्या मनगटाला फडकं बांधलेलं. एक टोक सासूच्या हातात, दुसरं तिच्या. पण पीळ बसायच्या आत तिच्या हातचं टोक सुटायचं आणि गोधडी पुन्हा धरणाच्या पाण्यात.

घट बसायला दोन दिवस होते. गावातल्या झाडून साऱ्या बाया काठावर आल्या होत्या. कुणाच्या घरात गोधड्या किती, त्यांना ठिगळं किती, कोणत्या सुनेने साबण वाचवला, हे वर्षातून एकदा इथेच कळतं.

"हाताले काय झालं वं पोरी?" शेजारच्या दगडावरून बेबीताईने विचारलं.

"घसरली," तिची सासू अन्नपूर्णाबाईच बोलली. "शेवाळावर. डोळे कुठी असतात इचे, देव जाणे."

"मागच्या खेपेलेही घसरलीच होती ना?"

"हाव. सवयच हाये तिले."

बेबीताई हसली. अर्पिता हसली नाही. मागच्या खेपेला तशी घसरल्यावर ती रोहिणखेडला माहेरी गेली होती. त्याच्या आधीही एकदा. दोन्ही वेळा वडिलांनी, सहदेवरावांनी, चार दिवसांत स्वतः आणून सोडलं होतं. तिसऱ्यांदा दार उघडणार नाही, असं बजावलंही होतं. आता राहायचं तर याच घरात.

घटस्थापनेला सासूने नवाच हुकूम काढला.

"एकतीस वर्षं म्या मांडला. यंदा तू मांड."

गहू सासूने रात्रीच भिजवून, निथळून ठेवले होते. टोपलीत काळी माती, मधे पाण्याचा घट, भोवताली अर्पिताने गहू पेरले. तिचा नवरा शेखर दारातून बघत होता. त्याला जगात एकाच गोष्टीची भीती वाटे, आणि ती देव्हाऱ्यात बसलेली होती. नवरात्रात तो पायात चप्पल घालत नसे, बाटलीला शिवत नसे, कुणावर हातही उचलत नसे.

तिसऱ्या दिवशी बेबीताईच्या घटात मोड वर आले. पाचव्या दिवशी ते बोटभर झाले. अर्पिताची माती काळीच राहिली. ती पहाटे उठून पाणी शिंपडायची आणि हात जोडून तिथेच बसायची. घट बघायच्या निमित्ताने आळीतल्या बाया येऊ लागल्या. प्रसाद खायच्या, मातीकडे बघून तोंड पाडायच्या. ओटा उतरला की तोंडं पुन्हा उजळायची.

"एकही नाही उगवला?"

"पाहा ना तुमीच," अन्नपूर्णाबाई रस्त्यावर ऐकू जाईल अशी म्हणाली. "देवीनं हात नाकारला इचा."

"आत्याबाई, माह्यं काय चुकलं?" अर्पिताने विचारलं.

"ते देवीले इचार."

अष्टमीला सासूने शेखरला समोर बसवलं. "इले माहेरी धाडून दे."

"अन् भाकरी कोण टाकीन?"

"मी हाये ना. नाकारलेल्या हातची भाकर खाल्ली तं वर्षाच्या आत घरचा कर्ता जाते म्हणतात. आता आपल्या घरात कर्ता कोण, ते तूच पाहाय."

शेखरने अर्धं जेवलेलं ताट सरकवलं. सहदेवरावांना फोन त्यानेच लावला.

दसऱ्याला ते जीप घेऊन आले. "इहीनबाई, एक डाव पदरात घ्या. पोरीले कुठी नेऊ मी?"

"मी घेईन हो, देवी घेत नाही. अन् पुन्हा इथं आणून सोडली तं तुमच्या मळ्यातही काही उगवणार नाही, सांगून ठेवते."

सहदेवरावांचा मळा वांग्या-टमाट्यांचा होता. त्यांनी मुलीची पिशवी उचलली.

अर्पिताने सासूचे पाय धरले. सासूने पाय मागे घेतले. "नीघ."

जीप दिसेनाशी झाली तेव्हा बेबीताईलाही राहवलं नाही. "लय कठोर हो तुमी, अन्नपूर्णाबाई."

"हाये खरी," ती म्हणाली.

संध्याकाळी शेखरची मोटरसायकल मेहकरच्या दारूच्या दुकानाकडे गेली. नऊ दिवस संपले होते. घरी आता दोघंच. तो परतायच्या आत अन्नपूर्णाबाई टोपली घेऊन एकटीच धरणावर गेली. गुडघाभर पाण्यात उतरून तिने माती सोडली आणि हात जोडले.

"गहू म्याच उकडून ठेवले होते, माय," ती म्हणाली. "शेखरच्या ध्यानात येऊ देऊ नको."