टेकडीवरचं नवं झाड

नूतननं कुदळ उचलली आणि खालून कोणीतरी ओरडलं, "ए बाई! त्याले हात नोको लावू!"

तिनं कुदळ खाली घेतली, पण हातातून सोडली नाही. तीन वर्षं जे शोधत होती ते आज तिच्या पायाशी उभं होतं. दिसायला काय, गुडघ्याएवढा हिरवा काटेरी दांडा आणि शेंड्याला चार पानं.

नूतन थोर या काटेरी झाडावर पीएच.डी. करत होती. पाहुण्यांना हे सांगताना घरचे लोक आवाज बारीक करत. गोंदियाच्या नर्सरीत थोर कॅक्टस म्हणून विकला जाई आणि तिचे योगराज सर नर्सरीवाल्याशी दरवर्षी भांडून येत. कॅक्टसचं खानदान वेगळं, थोराचं वेगळं. थोर तोडला की दूध गळतं, हे त्या माणसाला काही केल्या पटत नसे. सरांच्या मते तो झुडूपही नव्हता. इथले थोर चांगलं खोड धरून घराच्या आढ्याएवढे झाले होते. "वृक्षरूप मांसल वनस्पती," असं सर म्हणत आणि समोरचा गप्प होईपर्यंत थांबत.

जिल्ह्यात थोर कुठं नव्हता? शेताशेताच्या कुंपणाला होता, पण तो माणसांनी लावलेला. सडक अर्जुनीपासून आत, या गावच्या तलावामागं मुरमाड टेकडी होती. तिथं ना शेत, ना कुंपण. तरीही टेकडीभर थोर, एकेकटे, विखुरलेले. म्हणजे रानटी, आपोआप उगवलेले. प्रत्येकाच्या बुंध्याशी दगडांचा ढीग होता. 'ही वनस्पती दगडांच्या सांदीत रुजणे पसंत करते,' असं नूतननं लिहिलं होतं आणि सरांना ते वाक्य फार आवडलं होतं. गावातल्या पानठेल्यावर तिनं चौकशीही केली होती. तिथल्या उदाराम नावाच्या म्हाताऱ्यानं "तिकडं कोन कायले काई लावन?" म्हणून तोंड फिरवलं. तेसुद्धा तिनं पुराव्यात धरलं.

अडचण एकच होती. सगळी झाडं जुनी. रानटी आहेत तर त्यांची पिल्लावळ कुठं आहे, असं परीक्षकांनी विचारलं होतं. बियांपासून आलेलं एक तरी रोप मुळासकट दाखवा, सोटमूळ दिसलं की आमचं काही म्हणणं नाही. नाहीतर प्रबंध परत. आणि आज हे रोप सापडलं. नूतननं आनंदाच्या भरात त्याच्या बुंध्याचे दगड भराभर बाजूला सारले होते.

ओरडणारी बाई धापा टाकत वर आली. ही जमुनाबाई. तलावाखालच्या बांधीत धान निंदत होती, ती चिखलाच्या हातांनी तशीच धावत आलेली.

"आजी, मी झाड मारत नाही," नूतन म्हणाली. "फक्त याचं मूळ पाहायचं आहे."

"कायचं मूर? फांदी हाय थे. म्याच खोचली."

"तुम्ही? इथं? कशाला?"

जमुनाबाई खाली बसली. नूतननं बाजूला सारलेले दगड तिनं एकेक करून पुन्हा बुंध्याशी लावले.

"दात नाई आले त्या लेकराले जारत नाहीत, बाई. पुरतेत. रातच्यानं कोल्हे उकरतेत, म्हून वरून गोटे ठेवाचे अन् थोराची फांदी खोचाची. एखादी फांदी जगते, मोठी होते." तिनं मान वर केली. "थे तिकडचं माह्या सासूचं. त्याच्या बाजूचे दोन माहे. अन् हे सुनेचं, रीताचं. मागच्या वर्साचं."

नूतननं कुदळ आडवी ठेवली. याच झाडांच्या सावलीत बसून तिनं कितीदा डबा खाल्ला होता. तिला शरम वाटली आणि मग रडूच आलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिनं टेकडीकडे नीट पाहिलं. मोठी झाडं दाट होती. लहान हे एकच होतं.

"दवाखाना झाला, गाडी घरापाशी येऊ लागली, तवापासून हे बंदच झालतं," जमुनाबाई म्हणाली. "आमालेच कसं आलं कोन जाने." मग तिनं आवाज खाली आणला. "रीताले पुन्हा दिवस हात. नववा लागला. माह्या जिवाले घोर लागून राहिला. तू तं झाडाइचंच शिकून राहिली. सांग बरं, अठी आता नवं झाड येईन का?"

याच प्रश्नाचं उत्तर 'हो' यावं म्हणून नूतन तीन वर्षं उन्हातान्हात हिंडली होती. तिनं नाक पुसलं.

"नाही येणार, आजी. या टेकडीवरून थोर संपणार."

जमुनाबाईनं चिखलाचा हात तिच्या गालावर ठेवला.

"तुह्या तोंडात साखर पडो, माय."