गुलाबी पिल्लं

खुडूक कोंबडीनं नऊ पिल्लं काढली आणि दोनच दिवसांत वीटभट्टीवर निघायची वेळ आली. जिवलीनं वाणगावच्या बाजारातली रंगाची पुडी पाण्यात कालवली आणि एकेक पिल्लू हातात घेऊन त्याला गुलाबी करून उन्हात सोडलं.

"आये, रंग कशाला?" तेरा वर्षांच्या मंगळीनं विचारलं.

"भट्टीवर झाड नाय, आडोसा नाय. घार वरून बघते. असल्या रंगाचं पिल्लू तिनं कदी बघितलं नाय, तर ती वळखत नाय."

"आन् कोंबडी?"

"ती आवाजावर वळखते."

शेवटचं पिल्लू कोंबडीच्या पंखाखाली शिरलं. जिवलीनं हात पुसले, कात्री घेतली आणि मंगळीची वेणी मुळापासून कापली. पोर रडायला लागली, तरी ती थांबली नाही. मग नवऱ्याचा जुना सदरा तिच्या अंगात घातला.

"यंदाची भट्टी नवी हाय, आपल्याला कोनी वळखत नाय. मुकादमानं नाव विचारलं, तर मंगळ्या म्हनून मीच सांगन. तू आवाज काढू नको."