दर सोमवारचं लोहचुंबक

शोधनिबंधावर आपलं नावच नाही हे पाहून तिने प्रयोगशाळेच्या सरांना जाब विचारला.

"तू केलंस काय? दर सोमवारी जिवाणूंच्या नळीला लोहचुंबक लावायचं फालतू काम!"

तिने लोहचुंबक खणात ठेवून दिलं.

सहा महिन्यांनी भर सभेत सरांनी त्याच जिवाणूंची नळी मोठ्या ऐटीत लोहचुंबकाजवळ धरली. पोटात चुंबकाचे कण घडवणारे त्यांचे नामांकित जिवाणू जागचे हलेनात. पाहुणे एकमेकांची तोंडं बघू लागले.

"काय केलंस तू यांना?" सर दातओठ खात तिच्या कानाशी पुटपुटले.

"काहीच नाही, सर. आयतं खायला मिळालं की हे जिवाणू कण घडवणारी जनुकंच टाकून देतात. म्हणून लोहचुंबकाकडे धावणारे तेवढे वेचून दर सोमवारी नव्या नळीत घालावे लागतात. ते फालतू काम मी तेव्हाच सोडलं."