तिसरी रिंग

परदेशातल्या धाकट्या बहिणीशी निवृत्त अभियंत्यांचा जुना करार होता. दर रविवारी त्यांनी दोन रिंगा देऊन फोन ठेवायचा, तिनेही तिकडून दोनच द्यायच्या. दमडी न मोडता दोघांची खुशाली कळे. यंदा मात्र साऱ्या कंपन्यांचे दर पडताळून त्यांनी सर्वांत स्वस्त कॉलिंग कार्ड शोधले. आज तिचा आवाज ऐकायचाच, म्हणून तिसरी रिंग जाऊ दिली. फोन भाचीने उचलला. “मामा, आई उन्हाळ्यातच गेली.” “अगं, गेल्या रविवारीसुद्धा रिंगा आल्या होत्या.” “मीच देत होते. आईनेच सांगितलं होतं, ‘दादा पक्का चिक्कू, तिसरी रिंग देईल तेव्हाच कळव, तोवर त्याला सुखात राहू दे.’” रिसीव्हर कानाशी तसाच राहिला. स्वयंपाकघरातून पत्नीने हसत विचारले, “अहो, गप्प का? आता बोला की पोटभर, स्वस्त आहे.”