खिडकीतली पट्टी

यशोवर्धन नॉर्वेत समुद्री शेवाळाच्या शेतावर काम करतो. थंड पाण्यात दोर सोडायचे, त्यांवर शेवाळ माणसाएवढं लांब वाढलं की कापून वाळवायचं. त्याने आईला, रत्नाबाईंना, वाळलेली एक पट्टी पाठवली होती. तिकडचे लोक ती खिडकीत टांगतात. मऊ पडली की पाऊस येणार, असं समजायचं.

इकडे कानडी मुलखात, चिकपेटमधल्या घरात रत्नाबाईंनी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगली. त्याआधी तिच्यावरची पांढरी पूड त्यांनी बुरशी समजून नळाखाली धुऊन टाकली. ते मीठ होतं, हे लेकाने नंतर सांगितलं.

तेव्हापासून पट्टी वाळलीच नाही.

आज सकाळचा त्याचा फोनही आला नव्हता. भर दुपारी बाहेर पान हलत नव्हतं, पण पट्टी हलत होती. डावीकडे जायची, थांबायची, मग सावकाश उजवीकडे. रत्नाबाईंनी पंखा बंद केला, खिडकी लावली. तरी ती थांबेना. त्यांनी ती मुठीत घट्ट धरली, तर हातच तिच्याबरोबर ओढला गेला.

त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. यशोवर्धनने लगेच उचलला.

"बोटीवर गेलायस का रे?"

"नाही आई. आज सुट्टी. खोलीतच आहे."

"सगळं सरी आहे ना? बरा आहेस ना?"

"सरी आहे. स्वल्प थंडी वाजते, एवढंच."

तो हसला. मागे त्याचा पलंग दिसत होता, खुंटीला कोट होता. त्याचे केस मात्र कपाळावरून उठून, पाण्यात असल्यासारखे वर तरंगत होते.

ते डावीकडे गेले, थांबले, मग सावकाश उजवीकडे.