मिशीसरांचा राउंड

बाळ रात्री किती वेळा ओकलं, असं सरांनी विचारलं आणि त्या शिकाऊ डॉक्टर मुलीनं मान डोलावली.

राउंडला जमलेले बाकीचे शिकाऊ डॉक्टर खुदकन हसले. खाटेवर बसलेली बाळाची आईसुद्धा तोंडावर हात ठेवून हसली. किती वेळा, याचं उत्तर 'हो' असं कुणी देतं का? सर मात्र हसले नाहीत. मुलांच्या वॉर्डात उगीच हललेली मान एखाद्या बाळाच्या जिवावर बेतू शकते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यात त्यांचं काही चुकत होतं असंही नाही.

तिच्या दोन्ही कानांत यंत्रं होती. त्यांतून आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. शब्द ती समोरच्याच्या ओठांवरून उचलायची. मुलांच्या छातीचे ठोके तिच्या स्टेथोस्कोपच्या छोट्या पडद्यावर उमटायचे, तिथं तिचं कधी अडलं नाही. अडायचं ते सरांपाशी. सरांची मिशी म्हणजे काय सांगावं, नाकाखाली सुरू व्हायची ती थेट खालच्या ओठावर येऊन टेकायची. सगळं हॉस्पिटल त्यांना मिशीसर म्हणायचं. आणि बोलायचेही ते मिशीतल्या मिशीत. चांगलं ऐकू येणारेसुद्धा 'काय म्हणाले रे?' करत एकमेकांना कोपरानं ढोसायचे.

बरं, हे सर भलते तापट. चुकलेल्याला चारचौघांत सोलून काढायचे, दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारायचे, म्हणून तर त्यांच्या हाताखालची पोरं तयार व्हायची. तिला मात्र आल्यापासून एकदाही रागावले नव्हते. तिच्यापाशी आले की एखादा सोपा प्रश्न टाकायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढच्याकडे वळायचे. इतकं सांभाळून घेतल्यावर माणूस शिकणार कधी? दारात 'इथे सर्वांना जागा आहे' असा नवा फलक लागला होता. त्याची फीतही सरांनीच कापली होती.

"उद्यापासून तुम्ही लॅबमध्ये बसा," सर म्हणाले. "तिथं कुणाशी बोलावं लागत नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

हेही तिला कळलं नाही. शेजारच्या जाड चष्मेवाल्या शिकाऊ डॉक्टरनं तिच्याकडे तोंड करून सांगितलं, तेव्हा कुठे कळलं. लहानपणी डॉक्टर तिच्या डोक्यावरून नुसते आईशी बोलायचे. तेव्हापासून तिला एकच व्हायचं होतं, लहान मुलांची डॉक्टर. मर मर अभ्यास करून ती या खाटेपर्यंत पोचली होती, आणि आता काचपट्ट्या बघत बसायचं. रडू आलं होतं, पण राग त्याहून मोठा होता.

"सर, कळलं नाही की मान डोलावते, ही माझी खोड वाईट आहे," ती म्हणाली. "पण मी सगळ्यांचे ओठ वाचते. तुमचे ओठ मी अजून पाहिलेच नाहीत."

मिशीबद्दल सरांच्या तोंडावर आजवर कुणी ब्र काढला नव्हता. सरांचे कान लाल झाले. हात सवयीनं मिशीकडे गेला आणि तिथंच राहिला. खाली बाळ टकामका त्यांच्याकडे बघत होतं. सलाईनची सुई लावायला त्याच्या डोक्यावरचे, कानाजवळचे केस काढले होते, तेवढा तुकडा गुळगुळीत दिसत होता. सर बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी सिस्टरकडे कात्री आणि रेझर मागितलं. आता कुठल्या बाळाला सुई लावायचीय, असं सिस्टरनं विचारलं. कुठल्याच नाही, म्हणाले, आणि पडद्यामागच्या बेसिनकडे गेले.

बाहेर सगळ्यांनी कान टवकारले. नळाचं पाणी ऐकू येत होतं, मध्येच एक 'स्स' आलं. ती सगळ्यांचे चेहरे निरखत होती, पण तिला काही अंदाज येईना. सर बाहेर आले ते ओठावर कापसाचा बोळा धरून, आणि नाकाखाली, मिशी होती तिथं, फटफटीत पांढरी कातडी. चष्मेवाल्यानं हसू दाबायला गाल चावला. बाळाच्या आईनं तर त्यांनाच विचारलं, मोठे डॉक्टर परत कधी येणार?

मीच तो, असं तिला सांगून सर शिकाऊ पोरीसमोर जाऊन उभे राहिले. त्यांचे ओठ पातळ होते, जरासे वाकडे.

"बाळ रात्री किती वेळा ओकलं?"

"तीनदा. पहाटेनंतर नाही. जुलाब अजून चालू आहेत." सकाळीच बाळाच्या आईसमोर बसून तिनं सगळं विचारून ठेवलं होतं.

मग सरांनी विचारलं, उद्या सकाळपर्यंत बाळाला सलाईनमधून पाणी किती द्यायचं. तिनं वजनावरून रोजचं पाणी सांगितलं, अंगातलं कमी झालेलं त्यात मिळवलं आणि थांबली. सर वाट बघत राहिले. या वेळी तिनं मान हलवली नाही, पुढचं येत नाही असं सरळ सांगून टाकलं.

"आणि जुलाबातून अजून जातंय ते कोण भरून देणार, तुझा मामा?" सर कडाडले. "आत्ताच स्वतःच्या तोंडानं सांगितलंस ना? मग हिशेबात का नाही धरलंस? उद्या राउंडला यायच्या आधी हे सगळं वाचून यायचं. नाही आलं तर वॉर्डाबाहेर उभी करीन."

आणि तरातरा पुढच्या खाटेकडे निघून गेले. चष्मेवाल्याला वाईट वाटलं. तो तिच्यासमोर आला आणि मनाला लावून घेऊ नकोस म्हणाला, ते सगळ्यांनाच असं बोलतात.

तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"उद्या राउंडला ये म्हणाले," ती म्हणाली. "ऐकलंस ना तू?"